चोळीबांगडीची फांदी

आगीचं नंतर सांगतो. आधी आत्यांचं.

पुण्यात मला उभं राहायला जागा दिली ती आत्यांनी. जागा म्हणजे खोली नव्हे, गाळाही नव्हे. सावली दिली. चिंचेच्या झाडाच्या एका फांदीची, सकाळपासून ऊन कलेपर्यंतची सावली. आणि पुढे ते झाड जळालं, सगळं गाव माझ्याकडे बोट दाखवून उभं राहिलं, तेव्हा गरम राखेत हात घातला तोही त्यांनीच. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. गावची लेक, लग्न होऊन गेली आणि चार वर्षांत पांढरं कपाळ घेऊन माहेरी परत आली, ती मग अख्ख्या गावाची आत्या झाली. गावातले पिकल्या केसांचे गडीही त्यांना आत्याच म्हणायचे. मी तर बाहेरचा. मीही आत्याच म्हणू लागलो.

मी भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठचा. शाळा आठवीनंतर सुटली. कुणी कारण विचारलं की मी परिस्थिती म्हणतो. ते ऐकणाऱ्यालाही पटतं आणि मलाही सोपं पडतं. खरं कारण निराळं आहे. नववीची शाळा नदीपलीकडे होती आणि जायला डोंगा. डोंगा म्हणजे लाकडी नाव, हलणारी. पहिल्या दिवशी बसलो, दुसऱ्या दिवशी बसलो. तिसऱ्या दिवशी नाववाला म्हणाला, "काहून रे बाप्पा, काठ एवढा घट्ट धरून बसतं? डोंगा काय तुयाच हातानं तरंगते?" सगळी पोरं हसली. चौथ्या दिवशी मी गेलो नाही. तो डोंगा आजवर बुडालेला नाही. घरी फोन केला की मी अजून विचारतो.

मग तुमसरला मामाच्या लाँड्रीत इस्त्री शिकलो. मामा म्हणायचा, बेफिकीर माणूस कॉलर जाळतो. तुझ्यासारखा घाबरट इस्त्रीला बरा. खरं होतं ते. मी इस्त्री उचलली की खाली कपडा ठीक आहे ना ते बघायचो, ठेवली की पुन्हा बघायचो. कडी लावली का, दिवा बंद केला का, रुमाल मोजले का, हे मी दिवसाला इतक्या वेळा बघतो की कुणी मोजलं तर मलाच लाज वाटेल.

पुण्यात आलो तेव्हा नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आणि काचेच्या इमारती एकाच वेळी उभ्या होत्या. वाघोलीच्या अलीकडे एका गावात आमच्याकडचा एकजण कारखान्यात कामाला होता, त्याच्या खोलीवर उतरलो. तो म्हणाला, "इथं नव्या नव्या कंपन्या निघून राहिल्या. गळ्यात ओळखपत्राची पट्टी घालून पोरं कॉम्प्युटरवर बसतात. त्यांले रोज इस्त्रीचा शर्ट लागते." दिवसभर बसायचंच आहे तर इस्त्री कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण लागत होता, हे खरं.

गावाच्या वेशीवर, नव्याच झालेल्या सोसायटीच्या फाटकासमोर, ती चिंच होती. वय कुणालाच माहीत नव्हतं. "आमच्या आज्याच्या आज्यानंबी तिला म्हातारीच बघितली," असं म्हणायचे. चौघांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पुरायचा नाही. खोडाला ढोली होती, एक माणूस आत उभा राहून शर्ट बदलू शकेल एवढी. मी ते झाड बघितलं आणि सेकंडहँड टेबल तिथं मांडलं. टेबलावर घोंगडी, तिच्यावर चादर, तांब्यात पाणी, कोळशाची इस्त्री. पहिला शर्ट पसरतोय तोवर एक मोटरसायकल येऊन थांबली. गॉगल, गळ्यात साखळी, पन्नाशीला टेकलेला माणूस. हा आत्यांचा चुलत भाचा. गावातली निम्मी जमीन त्याच्या घराची होती आणि त्यातली निम्मी त्यानं बिल्डरला दिली होती.

"कुणाला इचारून टेबल टाकलं?"

"झाड सरकारी असेल असं वाटलं, साहेब."

आजूबाजूचे असे हसले की मी शर्टाची घडी घालायला लागलो. मग मला समजावून सांगण्यात आलं. ही चिंच अकरा फांद्यांची. भावकीतल्या अकरा घरांना एकेक फांदी पूर्वीच वाटून दिलेली. ज्याची फांदी त्याच्या चिंचा, त्याचा पाला, त्याचं वाळकं लाकूड. जमिनी विकल्या गेल्या, पण झाड कुणाला विकता आलं नाही, कारण अकरा जणांचं एकमत आजवर कशावरच झालेलं नव्हतं.

"आन् सावली?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ज्याची फांदी त्याची सावली," भाचा म्हणाला. ते त्यानं मला पिटाळायला म्हटलं होतं, हे आता समजतं. तेव्हा मी ते कायदा म्हणून ऐकलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "पूर्वेकडची माझी हाय. तिच्याखाली उभा ऱ्हा."

काळं-हिरवं लुगडं, हातात पाल्याची जुडी. ती पूर्वेकडची फांदी आत्यांना त्यांच्या वडिलांनी चोळीबांगडीला दिलेली होती. लेकीला माहेरचं काहीतरी कायम असावं म्हणून कुणी शेताचा तुकडा देतं. त्यांना झाडाचा तुकडा मिळाला होता.

"कुठला रं तू?"

"भंडाऱ्याचा."

"म्हंजी नागपूरचा."

"नागपूरच्या पुढचा."

"त्याच्या पुढंबी मानसं ऱ्हात्यात व्हय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई लांब आलास की. जेवलास का?"

बदल्यात काय देऊ, असं मी विचारलं. त्यांनी हातानंच उडवून लावलं. लुगडं इस्त्री करून देतो म्हणालो, तर म्हणाल्या, "कडक लुगडं नेसून मला काय कंपनीत जायचंय?"

आता माझी चूक सांगतो. आगीची नव्हे, त्याआधीची. मला मिळाली होती आत्यांच्या फांदीची सावली. पण सावली एका जागी थांबत नाही. सकाळी ती बुंध्याला चिकटून पडायची, दुपारी नेमकी फांदीखाली, आणि ऊन कलेल तशी सोसायटीच्या फाटकाकडे सरकायची. दुसऱ्याच्या सावलीत उभं राहिलो आणि त्यानं हटकलं तर? म्हणून मी टेबल सरकवायचो. अर्ध्या-पाऊण तासानं एकदा. इस्त्री उचलायची, तांब्या खाली ठेवायचा, टेबल हातभर ढकलायचं, पुन्हा सगळं मांडायचं. दुपारनंतर सगळ्या फांद्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळायच्या. तेव्हा आत्यांच्या फांदीच्या टोकाला घारीचं घरटं होतं, त्याची सावली शोधून तिच्या आतल्या बाजूला राहायचो.

लोकांना वाटलं, याला ऊन सोसत नसेल. हळूहळू लोक माझ्या टेबलावरून वेळ सांगायला लागले. "टेबल फाटकाशी आलं, बस येईल आता." शाळेतून येणारी पोरं लांबूनच बघायची, टेबल कुठं आलंय. हे सात-आठ महिने चाललं. एके दिवशी आत्यांनी विचारलं, "आरं, ह्या टेबलाला रोज कशापायी फिरवून आनतोस? गाभन हाय का ते?"

मी सांगितलं. घरट्याच्या सावलीचंही सांगितलं.

आत्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्या खालीच बसल्या, हसून हसून डोळ्यांतनं पाणी, बोलायला येईना. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सोसायटीतले एक काका, सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन पेठेतली जागा मुलाला देऊन इकडे राहायला आलेले, पँटीची घडी सुतात नसली तर परत आणून देणारे, ते मुद्दाम खाली आले.

"ऐकलं ते खरं का?"

"हो काका."

"वा. या शहरात लोक रस्त्यावर जिना काढतात, आणि आपण सावलीचा सातबारा सांभाळता. तुम्हाला संग्रहालयात ठेवायला हवं." आणि पिशवीतून दोन पँटी काढून ठेवल्या. "आजच हव्यात. घड्याळ फाटकापाशी यायच्या आत."

त्या दिवशी आत्यांनी अकराही घरांना सांगून टाकलं, की हा कुठंबी उभा ऱ्हाईल. तरी मी टेबल सरकवत राहिलो. एक तर सवय झाली होती, आणि लोकांना वेळ कळायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घरापासून एवढ्या लांब, आणि माणसं माझ्याकडे बघून बस पकडतात.

ती वर्षं चांगली गेली. चिंचा झोडायचा दिवस म्हणजे जत्राच. अकरा घरं अकरा फांद्यांखाली आपापली जुनी लुगडी, पोती पसरून बसायची आणि वारा आला की भांडणं. "आमची चिंच तुमच्या पोत्यात पडली." "पडली तर पडली, तिच्यावर नाव लिवलंय का?" गळ्यात पट्टी घातलेल्या मुली कंपनीच्या बसची वाट बघत गाभुळलेल्या चिंचा चोखायच्या आणि मग म्हणायच्या, "भैया, हा डाग निघेल ना? माझं प्रेझेंटेशन आहे." मी भैया नव्हतो, मराठीच होतो, पण सांगायचं राहून जायचं. डाग निघायचा.

आता कोळशाचं सांगावं लागेल.

इस्त्रीतला कोळसा काम झालं की फेकायचा नसतो. पाण्यानं विझवायचा, निथळवायचा, वाळवायचा; अर्धवट जळालेला कोळसा दुसऱ्या दिवशी आधी पेट घेतो. मी तो पत्र्याच्या डब्यात भरून झाकण दाबून लावायचो आणि डबा ढोलीत ठेवायचो. पाणी ओतताना तीन तांबे, कमी नाही. मग हात लावून बघायचं. मग झाकण. मग परत येऊन झाकण दाबून बघायचं. ढोली म्हणजे माझं कपाटच झालं होतं. पण ती एकट्या माझी नव्हती, हे मला पुढे कळलं.

चैत्रातली दुपार होती, शनिवार. सकाळचं काम आटोपून कोळसा विझवला आणि गाठोडं घेऊन सोसायटीत कपडे द्यायला गेलो. चौथ्या मजल्यावर काकांच्या दारात कपडे मोजून देत होतो. काका स्वतः मोजायचे, मग मी मोजायचो, मग काका. दुसऱ्या मोजणीत ते थांबले आणि गॅलरीतून बाहेर बघत म्हणाले, "आपल्या झाडातून धूर येतोय का?"

चिंचेच्या माथ्यातून, जिथं फांद्या फुटतात तिथून, धुराची सरळ काठी वर चालली होती. एखाद्या धुराड्यातून निघावी तशी. पानं हिरवीगार, फांद्या शांत, आणि मधून धूर. घारी वर गोल फिरत होत्या. मी जिन्यानं धावलो. लिफ्ट होती, आठवली नाही. धावताना एकच विचार: झाकण. झाकण लावलं होतं का? तीन तांबे ओतलेले आठवत होते. हात लावलेला आठवत होता. झाकण आठवत नव्हतं.

अग्निशमन दलाचे दोन बंब आले. जवानांनी ढोलीतून पाणी मारलं, वरून मारलं, शिडी लावून मारलं. त्यांच्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "पोकळ झाड म्हणजे उभी चूल. खालून हवा, वरून धूर. आतून पेटलंय, पाणी पोचत नाही." दुपारभर झाड उभंच होतं. दिवस मावळताना कडकड असा आवाज झाला आणि ते मोकळ्या बाजूला, रिकाम्या शेताकडे, हळू बसल्यासारखं खाली आलं. कुणाला लागलं नाही. बघणारी शंभर माणसं होती. आधी बोलला तो भाचा.

"ह्याच्या कोळशानं गेलं. इथं दुसरं कोन इस्तू घेऊन बसतं?"

माणसं माझ्याकडे वळली. मी नाही म्हणालो नाही. मला तसंच वाटत होतं. शिवाय गावात कुजबुज निराळीच सुरू झाली होती, की झाड गेलं म्हणजे ती जागा मोकळी झाली आणि मोकळी जागा कुणाला हवी होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती भाच्याच्या कानावर गेली असणार. दोष कुणावर तरी ठरणं त्याला गरजेचं होतं. मी समोरच होतो.

रात्र कशी गेली ते सोडा. सकाळी मी लोकांचे राहिलेले कपडे घरोघर देऊन आलो, टेबल खोलीवाल्याला देऊन टाकलं, इस्त्री पोत्यात भरली. गाडी संध्याकाळची होती. पण आत्यांना तोंडानं सांगितल्याशिवाय जाणं मला जमलं नसतं. त्यांच्या घरी गेलो तर त्या नव्हत्या. त्या झाडाशी होत्या. उरलेल्या बुंध्याजवळ, राखेच्या कडेला, उकिडव्या बसलेल्या. आजूबाजूला भावकीतली माणसं, भाचा, सोसायटीतले काका, आणखी बरेच.

"आत्या, माझ्याकडूनच झालं."

"बघितलंस?"

"नाही."

"मग?"

"झाकण लावल्याचं आठवत नाही."

आत्यांनी मान वर केली. "आठवत न्हाई ना? म्हंजी लावलंस. तू जे करतोस ते इसरतोस आन् म्हून धा बारी बघाय येतोस. न केलेलं तू कवा इसरलायस का? डोंग्यात बसला न्हाईस ते अजून सांगतोस."

मग त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, खुरपं घेतलं आणि ढोली जिथं होती तिथल्या राखेत उतरल्या.

"आत्या, अजून गरम हाय," भाचा म्हणाला.

"असू दे. माझीच चिंच हाय, मला भाजायची न्हाई."

भाजत होतं. खुरप्यानं राख ओढली की खालून वाफ यायची. मी पुढं झालो तर मला खुरप्यानंच मागं सारलं. "तू न्हाई. तुला सापडला तर म्हनतील ह्यानंच आनून टाकला." काका घरी जाऊन बागकामाचे हातमोजे घेऊन आले, आत्यांनी ते नीट घडी घालून कमरेला खोचले आणि उघड्या हातांनी राख चाळत राहिल्या. अर्धा तास तरी. शेवटी खुरपं पत्र्यावर वाजलं.

डबा चेपला होता, काळा पडला होता, झाकण जागच्या जागी. इतकं घट्ट बसलेलं की निघेना. भाच्यानंच गाडीतून चाक काढायची टॉमी आणली आणि झाकण उचकटलं. आत कोळसा. माझा कोळसा, अर्धवट जळालेला, काळाभोर, मी भरला तसाच, एक खडाही राख झालेला नाही.

काकांनी वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "डब्यात हवाच गेली नाही. एखादा निखारा राहिला असता तरी गुदमरून विझला असता. हा डबा पेटवणारा नव्हे. या झाडात काल सुरक्षित अशी एकच वस्तू होती, ती ही."

मी खाली बसलो. 

आता खरी मजा. मी नाही, मग कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भाच्यानं गॉगल काढला. पुसला. परत घातला. परत काढला.

"आत्या, त्या ढोलीत... मी बी जायचो कवा कवा."

"कशाला?"

"सिगारेट."

"तू वडतोस?"

"तुमच्या म्होरं कसं वडनार? म्हून ढोलीत."

"कवापासनं?"

"कालिजापासनं."

"तीस वरसं? माझ्याच झाडात, माझ्यापासनं लपून?"

"मधी सोडली हुती, आत्या," तो पन्नाशीचा, साखळीवाला, निम्म्या गावाचा मालक म्हणाला, आणि कुणीतरी फिसकन हसलं. काल शंभर माणसांसमोर बोट दाखवणारा हात आता कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

काका खाकरले. "माझीही नोंद घ्यावी. शुक्रवारी ढोलीतल्या गांधीलमाश्यांचा बंदोबस्त म्हणून मी तिथं वर्तमानपत्र पेटवलं होतं. विझवलं, असं माझं मत आहे. मत म्हणजे पुरावा नव्हे."

मग भावकीतला एकजण म्हणाला, त्यानं परवा मोहोळ झाडायला टेंभा केला होता. अजून एकानं पाला जाळला होता, लांब, पण वारा होता. एकेक करत माणसं पुढं यायला लागली. ज्या झाडात एक वाळकी काटकी जास्त गेली म्हणून भांडायचे, त्याच झाडाशी उभे राहून सगळे सांगत होते, मीच असेन, मीच असेन. आत्या ऐकत होत्या. शेवटी हात झटकत म्हणाल्या,

"आन् मी काल दिवा लावला हुता. दर शनवारी लावते. म्हातारीच्या पोटात अंधार नको म्हून."

भाच्यानं गॉगल खिशात ठेवून दिला.

"झाड अकरांत वाटलंय ना? मग दोषबी अकरांत वाटून घ्या," आत्या म्हणाल्या. "ज्याची फांदी त्याचा हिस्सा. कुनाला जास्त न्हाई, कुनाला कमी न्हाई. आन् ह्यापुढं गावात कुनी कुनाकडं बोट करायचं न्हाई."

अकरा घरांचं एकमत झालं. पहिल्यांदाच. झाड उभं होतं तोवर जे जमलं नाही ते झाड पडल्यावर पाच मिनिटांत जमलं. काकांना फांदी नव्हती. त्यांनी भाच्याच्या हिश्श्यात स्वतःला बसवून घेतलं. "आम्ही दोघे धूम्रपान विभागात."

मी बाजूला बसलो होतो, डबा मांडीवर घेऊन. सुटलो होतो. आनंद व्हायला हवा होता, आणि होतच होता, पण त्यात काहीतरी टोचत होतं. अकरा हिस्से झाले, काकासुद्धा आत शिरले, आणि मी तेवढा निर्दोष. निर्दोष म्हणजे बाहेरचाच. मी उठून म्हणालो, "आत्या, मला काहीच नाही?"

"तुला काय पायजे?"

"हिस्सा. दोषातला."

जे हसू फुटलं ते राखेवरून पार रस्त्यापर्यंत गेलं. अग्निशमन दलाचा मागे ठेवलेला एक जवान होता, तोही हसला. काका म्हणाले, "संग्रहालयाचं मी मागेच सुचवलं होतं."

आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला. राखेनं भरलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला, केस पांढरे करून टाकले आणि म्हणाल्या, "माझ्यातला अर्धा तुला. चोळीबांगडीतला. आता जा बघू कुठं जातोस ते."

संध्याकाळची गाडी माझ्याशिवाय गेली. खोलीवाल्याकडून टेबल परत आणायला भाचाच जीप घेऊन आला. त्यानंच चार बांबू आणि ताडपत्री आणून छत केलं. माफी त्यानं मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून पांढऱ्या शर्टांचं भलंमोठं गाठोडं आलं. त्यातले निम्मे धुऊन, इस्त्री करून घडी घातलेलेच होते. मी ते पुन्हा केले. आत्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. त्या महिनाभर भाकरी थापायच्या नाहीत, असं काकांनी बजावलं, आणि त्या दुसऱ्या दिवशी थापताना सापडल्या.

पाऊस पडून गेल्यावर आत्यांनी घरातून गेल्या वर्षीचे चिंचोके आणले, त्यांच्याच फांदीचे. बुंध्याच्या राखेत आम्ही ते टोचले. भरपूर उगवले. बरेच शेळ्यांनी खाल्ले, काही पोरांनी तुडवले, एक राहिला. त्याला काकांनी सोसायटीतल्या जुन्या लोखंडी खाटेचा पिंजरा करून दिला आणि वर पाटी लावली: 'हे झाड आहे. कचरापेटी पलीकडे आहे. फरक ओळखता येत नसल्यास घरी विचारून यावे.' रस्ता रुंद झाला तेव्हा तेवढा गोल तुकडा मध्ये सोडायला भाच्यानं लावलं. कसं लावलं ते मी विचारलं नाही.

आज मी त्या रस्त्यावरच एका गाळ्यात आहे. इस्त्री विजेची. बटण बंद केल्यावर तीनदा बघतो, मग शटर ओढतो, मग अर्धं वर करून पुन्हा बघतो. लग्न झालं, मुलगी यंदा नववी पास झाली, डोंगा न लागता. नव्या झाडाच्या फांद्या कुणी वाटून घेतलेल्या नाहीत. एकदा विषय निघाला होता. आत्या म्हणाल्या, आधी दोष वाटून घेतलाय तेवढा पुरे.

त्या आता भाच्याच्या नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर असतात. गुडघे गेलेत, खाली उतरत नाहीत. दुपारी गॅलरीत बसून झाड बघतात आणि मी दिसलो की वरनं हात करून विचारतात, किती झाली?

त्या सावलीचं विचारतात. मी दर वर्षी चैत्रात भर दुपारी ती मोजतो, माझ्या पद्धतीनं. पहिल्यांदा मोजली तेव्हा रुमालाएवढी होती. मग टॉवेलाएवढी, मग लुंगीएवढी. पाचेक वर्षांपूर्वी एका खाटेची चादर बसली, आणि यंदा दुहेरी चादर पसरली तर चारी कोपरे सावलीत राहिले. एका कोपऱ्यावर थोडं ऊन होतं, पण ते वाऱ्यानं. मी वर बघून दोन्ही हात पसरले. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना वाटलं असेल, अजून मोजतोय हा.

पूर्वेकडची एक फांदी जाड होत चालली आहे. तिच्याखाली एक खुर्ची आणि एक टेबल सकाळपासून ऊन कलेपर्यंत मावलं पाहिजे, एवढी ती पसरायची आहे. मग मी आणि भाचा आत्यांना खुर्चीसकट खाली आणणार आहोत. लिफ्ट आहे, मी तीनदा तपासली आहे. त्यांना त्या फांदीखाली बसवायचं, शेजारी माझं जुनं टेबल मांडायचं, आणि ऊन सरकेल तशी त्यांची खुर्ची मी हात-हातभर सरकवत नेणार आहे, पार फाटकापर्यंत. आत्या म्हणतात, "तवर मी ऱ्हाते व्हय?" राहाल, आत्या. तुमची सावली माझ्याकडे आहे. ती परत केल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही.